तळघरातली मंडळी

भाऊजींचं नाक गेलंय हे वहिनींना कळलं ते दूध करपल्यामुळे.

सकाळची वेळ होती. वहिनी वरच्या मजल्यावर राहत, भाऊजी खाली. वहिनी जिना उतरत होत्या तेव्हा अर्ध्या वाटेतच त्यांना वास आला. लगबगीने स्वयंपाकघरात गेल्या तर पातेल्याचं बूड काळंठिक्कर पडलेलं, धूर छताला लागलेला, आणि शेगडीपासून दोन पावलांवर भाऊजी खुर्चीत बसून निवांत पेपर वाचत होते.

"अहो भाऊजी, दूध!"

"आं? तापलं का?"

"तापलं? कोळसा झालाय त्याचा!" वहिनींनी शेगडी बंद केली, दोन्ही खिडक्या उघडल्या, पदराने धूर बाहेर हाकलला. मग त्या थबकल्या. "तुम्हाला वास नाही आला?"

भाऊजींनी पेपरची घडी घातली. घातलेली घडी उघडून पुन्हा नीट घातली. "पाच आठवडे झाले, वहिनी. त्या सर्दीतापात गेला तो गेला. कॉफी, साबण, दुकानातलं स्पिरिट, कशाचाच वास येत नाही. पाण्याखाली डोकं धरून बसल्यासारखं वाटतं."

"आणि हे मला आज सांगताय?"

"आधी सांगून काय झालं असतं? तुम्ही तुमचं नाक देणार होता?"

दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर चार दिवस हळहळून घरातली माणसं आपापल्या कामाला लागली असती. पण भाऊजींचं डोळ्यांवर पोट होतं आणि नाकात जीव होता. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, वडिलांच्या हातचं. दिवसभर ते लोकांना तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावत, भिंगं घासत, फ्रेमच्या दांड्या वाकवून कानांमागे बसवत. दुकानाचं दार ओढून घेतलं की मागच्या दगडी पायऱ्या उतरून तळघरात जात. एके काळी तिथे काचेच्या पेट्या ठेवत असत. आता तिथे वाइन होती. तीनशेच्या वर बाटल्या, लाकडी मांडण्यांवर आडव्या निजवलेल्या.

भाऊजी काही श्रीमंत नव्हते. बाटली नवी असताना, कुणाच्या खिजगणतीत नसताना घ्यायची आणि पुढची वीस-तीस वर्षं तिला हात लावायचा नाही, एवढंच त्यांचं तंत्र. "लोक वाइनमध्ये पैसा घालतात, मी नुसती कळ काढतो," असं ते म्हणत. लग्न त्यांनी केलं नव्हतं. कुणी कारण विचारलंच तर म्हणत, "तळघरात जागा उरली नव्हती."

त्या तीनशेंमध्ये नऊ बाटल्या वेगळ्या होत्या. सगळ्यात खालच्या फळीवर, भिंतीच्या गारव्याला. प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत साल आणि बहुतेकींवर मळ्याचं नाव. कागदावर ते, तोंडात मात्र त्यांना भाऊजींनी ठेवलेली नावं होती. एक वकील, एक मावशी, एक मुकी, दोन जुळ्या, एक थोरली, अशी. सगळ्या मिळून 'मंडळी'. "मंडळी झोपलीयत, हळू बोला," असं त्यांनी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा वहिनींना वाटलं, खाली पाहुणे उतरलेत.

वहिनी म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाची बायको. नवराबायको दोघंही वेधशाळेत नोकरीला. ते यंत्रं दुरुस्त करत, या नोंदी घेत. चौतीस वर्षं, सकाळ-संध्याकाळ, ठरल्या मिनिटाला बाहेर पडायचं, झडपांच्या पांढऱ्या पेटीतला पारा वाचायचा, मनातल्या मनात आभाळाचे आठ भाग करायचे आणि त्यांतले किती झाकलेत ते वहीत लिहायचं. कधी डोंगरमाथ्यावर, कधी बेटावर. निवृत्त होऊन दोघं या घराच्या वरच्या मजल्यावर राहायला आली आणि दोन वर्षांत थोरले गेले. तेव्हापासून वर वहिनी, खाली भाऊजी आणि सकाळची कॉफी एकत्र.

डॉक्टरांनी नाकात दिवा धरून पाहिलं. "आतली नस दुखावलीय. वास येईलही, नाहीही येणार. नाकाचा काही नेम नसतो," म्हणाले.

भाऊजी घरी आले. आठ दिवस दुकानात जाऊन आले, पण तळघराच्या पायऱ्या उतरले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी लिलाववाल्या बाईंना बोलावणं धाडलं.

बाई उंच होत्या, हातात पांढरे सुती मोजे, गळ्यात छोटी बॅटरी. त्यांच्याबरोबरची दोन माणसं पेंढा भरलेली खोकी घेऊन आली. बाई एकेक बाटली उचलत, मानेजवळ वाइन कुठवर आहे ते उजेडात बघत आणि खोक्यात ठेवत. भाऊजी खालच्या पायरीवर बसून प्रत्येकीची माहिती सांगत होते, वर्गात हजेरी घ्यावी तशा कोरड्या आवाजात. दुपारपर्यंत मांडण्या रिकाम्या झाल्या. भिंतीवर इतक्या वर्षांत कुणी न पाहिलेला चुना दिसायला लागला.

मग बाई खालच्या फळीपाशी गुडघ्यांवर बसल्या. बॅटरी एकीवरून दुसरीवर गेली. हातातले मोजे त्यांनी काढून ठेवले.

"या तुमच्याकडे आहेत?" हरवलेलं माणूस अचानक समोर यावं तसा त्यांचा आवाज झाला होता.

"त्याही घेऊन जा," भाऊजी म्हणाले. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं.

वहिनी कॉफीचा ट्रे घेऊन पायऱ्यांवर उभ्या होत्या. "त्या राहू द्या," त्या म्हणाल्या.

बाईंनी आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. "मालक कोण?"

"मालक हेच. पण त्या राहतील. कॉफी घ्या, गार होतेय."

बाई गेल्यावर भाऊजींचा पारा चढला. एरवी ते वहिनींपुढे आवाज चढवत नसत. "कशाला ठेवून घेतल्यात? त्यांचं करायचं काय?"

"प्यायच्या."

"मला ते पाणी लागतं, वहिनी! नळाचं पाणी!"

"तुम्ही प्या, आणि त्यात काय आहे ते मी सांगेन."

"तुम्ही? तुम्ही आयुष्यात कधी घोटभर घेतली आहे? तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही कळत. आभाळातलं तरी मला कुठे काय कळत होतं? चौतीस वर्षं जे दिसलं ते लिहिलं. आधी अंदाज बांधायचा नाही, मनातलं घालायचं नाही, एवढंच शिकवलं होतं आम्हाला. तेवढं जमतं मला."

भाऊजी दुकानात निघून गेले. पण शनिवारी वहिनी खाली आल्या तेव्हा जेवणाच्या टेबलावर एक बाटली उभी होती. एक दिवस उभी ठेवली की गाळ तळाशी बसतो, असं भाऊजींनी पेपरातून डोकं न काढता सांगितलं.

रविवारी दुपारी दोघं टेबलाशी बसली. पहिला मान वकिलाचा. खूप वाद घातल्याशिवाय मन मोकळं करत नाही म्हणून ते नाव. भाऊजींनी बूच हळूच ओढलं, डोळे तपासायची बॅटरी बाटलीच्या मानेमागे धरली आणि गाळ मानेपाशी येईपर्यंत धार मोडू न देता वाइन ओतली. दोन ग्लास. विटकरी रंग, कडेला जरा पिवळट.

वहिनींनी घोट घेतला. तोंड वाकडं केलं. "आंबट."

"पुढे?"

"तुरट."

"वहिनी, पस्तीस वर्षं मुरलेली वाइन आहे. लिंबूसरबत नाही."

वहिनी हसल्या. मग त्यांनी खुर्ची मागे सरकवली, दोन्ही पाय जमिनीवर टेकवले, ग्लास नाकाशी नेला आणि डोळे मिटले. नोकरीतल्या पहिल्या दिवशी त्यांनी 'छान ऊन' असं लिहिलं होतं आणि साहेबांनी वहीवर बोट ठेवून म्हटलं होतं, 'छान' मोजता येत नाही. आधी खालचे ढग बघायचे, मग मधले, मग सगळ्यात वरचे.

"खाली ओलं लाकूड आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "धक्क्यावरच्या फळ्या असतात ना, दिवसभर पाण्यात आणि मग उन्हात, तसं. त्याच्या वर काहीतरी कोरडं. कपाटातल्या जुन्या वह्यांसारखं. आणि अगदी वर... थांबा. येतंय, जातंय. संत्र्याची साल. इथली नाही. कुणीतरी पलीकडच्या खोलीत संत्रं सोलतंय."

भाऊजींचा ग्लास हातात तसाच होता. "पलीकडच्या खोलीत," ते पुटपुटले. मग त्यांनी विचारलं, "अजून सोलतंय?"

"नाही. झालं खाऊन. आता हात पुसतंय."

भाऊजींनी डोळे मिटले आणि घोट घेतला. खिडकीतून आलेलं ऊन टेबलाच्या एका पायावरून दुसऱ्या पायावर गेलं, तोवर दोघांपैकी कुणी उठलं नाही.

असे रविवार सुरू झाले. मावशी सोनेरी होती आणि गोड. तिला सगळ्यांचंच कौतुक, म्हणून मावशी. तिच्या दुसऱ्या ग्लासाला वहिनी खुदकन हसायला लागल्या. त्या दुपारी त्यांनी भाऊजींना कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. "यांनी मला लग्नाचं कसं विचारलं माहितीये? वायुभारमापक दुरुस्त करत होते. म्हणाले, हा काटा वर गेला तर हो समजायचं. काटा गेला खाली. मग म्हणाले, यंत्रच बिघडलंय." भाऊजी डोळ्यांतून पाणी येईतो हसले. वहिनी कठडा धरून वर निघाल्या तेव्हा म्हणाल्या, "जिना आज जरा लांबलाय का हो?"

मुकीचं लेबल कधीच गळून पडलं होतं. तिच्या वेळी वहिनी वीस मिनिटं गप्प बसल्या. भाऊजींनी विचारलं नाही. बाहेर चौकात कुणाची तरी सायकल गेली, तिची साखळी कुरकुरत लांब लांब होत विरली. दोघांचाही बहुतेक डोळा लागला असावा, कारण पुन्हा भानावर आल्या तेव्हा वहिनींना आपण आधीच बोलत असल्याचं ऐकू आलं. "बर्फ पडायच्या आधी अर्धा तास असतो ना," त्या म्हणत होत्या, "पक्षी गप्प होतात आणि उजेड जमिनीतून वर आल्यासारखा वाटतो. तसं आहे. त्याला वास नाही म्हणावं तर आहे."

"आहे," भाऊजी म्हणाले. "लोखंडासारखा. थंड."

"तुम्हाला आला?"

"नाही. तुम्ही बोलताना आठवला."

आठवड्याचे बाकीचे दिवसही बदलले. वहिनींचं नाक आता त्यांना कुठे स्वस्थ बसू देत नव्हतं. मंडईत, टपालघरात, किल्ल्या करणाऱ्याच्या टपरीपाशी तापलेल्या पितळेचा वास आला की त्या थांबत. इतकी वर्षं या रस्त्याने त्या वर बघत चालल्या होत्या. आता त्यांना वाटे, हाच रस्ता खाली आणखी एक मजला घेऊन आहे आणि आपल्याला त्याचं दार आज सापडलं. लिंबाचा पाला बोटांत चुरडून त्या दुकानात घेऊन येत, भाऊजींपुढे मूठ उघडत. भाऊजी वाकून हुंगत आणि मान हलवत. "नाही. पण हिरवं काहीतरी आणलंय तुम्ही, हे चेहऱ्यावर दिसतंय." एकदा डोळे तपासायला आलेले मास्तर हे बघून चपापले, चष्मा सारखा करून पुन्हा बघायला लागले.

आठ रविवार गेले. फळीवर एकटी थोरली राहिली.

या बाटलीच्या गळ्यातल्या पुठ्ठ्यावर फक्त साल होतं. एक्केचाळीस वर्षांपूर्वीचं. भाऊजींनी ती शुक्रवारीच वर आणून उभी केली. रविवारी त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि बूच काढायच्या आधी ग्लास पुन्हा पुन्हा पुसत बसले.

"ही विकत नाही घेतलेली," ते म्हणाले. "हिची द्राक्षं मी तोडलीयत."

वहिनींनी खुर्ची पुढे ओढली.

"चोवीस वर्षांचा होतो. दुकानात बसायचा कंटाळा आला होता, म्हणून तोडणीच्या हंगामाला एका मळ्यावर गेलो. सहा आठवडे. पहाटे दव असताना सुरुवात, दुपारी वेलीच्या सावलीत झोप. मळेवाले फार बोलायचे नाहीत. शेवटच्या आठवड्यात मला वरच्या उतारावर घेऊन गेले आणि म्हणाले, हा तुकडा तू सांभाळ, इथेच राहा. मी म्हटलं, भावाचं लग्न आहे, आठ दिवसांत जाऊन येतो."

"आमचं लग्न?"

"तुमच्या लग्नाच्या फोटोत माझे हात पाठीमागे आहेत. पाहिलंत कधी?"

"मला वाटायचं तुम्ही लाजताय."

"कोपरापर्यंत जांभळे होते. साबणाने निघेनात." भाऊजी हसले. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी मला दुकानात बोलावलं. त्यांचीच नजर जायला लागली होती. दुकान दादा बघणार असं ठरलेलं होतं. पण दादाला तुम्ही भेटलात, तुमच्याबरोबर बेटावरची बदली आली. मग मी राहिलो. तीन वर्षांनी मळेवाल्यांनी ही पाठवली, पेंढ्यात गुंडाळून. चिठ्ठी नाही, काही नाही."

एवढं बोलून त्यांनी स्क्रू बुचात फिरवला. बूच मध्येच तुटलं. उरलेला अर्धा तुकडा त्यांनी चमच्याच्या दांड्याने जपून बाहेर काढला. वाइन ओतली, एक ग्लास वहिनींपुढे सरकवला आणि डोळे मिटून खुर्चीला टेकले.

वहिनींनी ग्लास नाकाशी नेला.

आत काही नव्हतं. भिजून वाळलेल्या पुठ्ठ्याचा वास होता, बंद ट्रंकेचा, आणि त्याच्यामागे आंबटपणाची एक पातळ रेघ. त्यांनी ग्लास फिरवला, थांबल्या, पुन्हा पाहिलं. खाली, मध्ये, वर. काही नव्हतं. समोर भाऊजी वाट बघत होते. त्यांच्या पापण्या हलत होत्या, स्वप्न बघणाऱ्या माणसाच्या हलतात तशा. ते शरदातलं आभाळ वहिनींना पाठ होतं. लग्नाच्या आधीच्या तीन आठवड्यांत एकही ढग आला नव्हता, कोरडा वारा, पहाटे दाट दव. उतारावरचं ऊन, वेलींची सावली, पाटीतली गरम द्राक्षं, सगळं त्यांना एका श्वासात सांगता आलं असतं, आणि भाऊजींनी ते मानलंही असतं. त्यांनी तोंड उघडलं. शब्द जिभेवर होते.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "गेलीय ही."

भाऊजींनी डोळे उघडले नाहीत. "कधी?"

"कळायला मार्ग नाही. बूच सडलं होतं. पाच वर्षं झाली असतील, तीसही झाली असतील."

भाऊजींच्या खांद्यांना हलका हिसका बसला आणि वहिनी घाबरून अर्धवट उठल्या. पण ते हसत होते. "म्हणजे मी रोज खाली जाऊन जिला 'हळू बोला, झोपलीय' म्हणत होतो..." पुढचं त्यांना बोलता येईना. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि पुसतच राहिले.

वहिनींना हसू आलं नाही. "माझ्यामुळे झालं हे," त्या म्हणाल्या. "एक्केचाळीस वर्षं झाली आणि मला कुणी सांगितलं नाही. यांनीही नाही."

"दादाला माहीतच नव्हतं. मी बोललोच नाही त्याला."

"मग मनात राग नव्हता?"

"होता ना." भाऊजींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "चांगला पाच-सहा वर्षं होता. तुमची बेटावरून पत्रं यायची, ढगांची चित्रं काढलेली, ती मी वाचायचो नाही. मग एक दिवस दुकानात एक बाई आल्या, साठीच्या. आयुष्यात पहिल्यांदा चष्मा घालत होत्या. मी चष्मा बसवला, आरसा पुढे धरला. त्या म्हणाल्या, 'अगंबाई, मी तर आईसारखी दिसायला लागले!' आणि आरसा हातात घेऊन बसल्या. आईशी गप्पा मारल्यासारख्या बसल्या होत्या, अर्धा तास. गिऱ्हाइकं येत होती, मी सगळ्यांना थांबा म्हणून खुणावत होतो. त्या गेल्यावर लक्षात आलं, आज आपल्याला मळ्याची आठवणच झाली नाही. राग असाच गेला, वहिनी. केव्हा गेला ते कळलं नाही. या बाटलीसारखंच."

टेबलावरच्या ग्लासांत वाइन तशीच होती. वहिनींनी दोन्ही ग्लास उचलले, मोरीत ओतले आणि पाणी सोडलं. पाणी लालसर होत होत स्वच्छ झालं. त्या तिथेच पाठमोऱ्या उभ्या राहून म्हणाल्या, "तोडणी कधी सुरू होते?"

"पुढच्या महिन्यात. का?"

"काही नाही. रेल्वेच्या वेळा बघते."

पुढच्या महिन्यात भाऊजींनी दुकानाला पाटी लावली, 'चार दिवस बंद', आणि दोघं अर्ध्या दिवसाच्या प्रवासाने मळ्यावर पोचली. स्टेशनपासून पुढे धुळीचा रस्ता होता, दोन्ही बाजूंना पिवळ्या पडायला लागलेल्या वेली. भाऊजी गाडीत बडबडत होते, इथे आल्यावर गप्प झाले. मळेवाले केव्हाच वारले होते. त्यांची पुतणी सगळं बघत होती. दंडापर्यंत बाह्या सरसावलेली, केसांत पानं अडकलेली बाई.

"मी इथे तोडणीला होतो," भाऊजी म्हणाले.

"कधी?"

त्यांनी साल सांगितलं. पुतणी मोठ्याने हसली. "तेव्हा मी जन्मालाही आले नव्हते, काका! तोडताय का आज? माणसं कमीच आहेत." तिने दोघांच्या हातात एकेक कात्री आणि एकेक पाटी दिली.

वरच्या उतारावर सकाळ अशी पसरली होती की तिला कुठे कडाच नव्हती. धुकं दरीत साठलं होतं आणि वेलींच्या रांगा त्यात उतरत उतरत नाहीशा होत होत्या, कुणीतरी खाली उभं राहून त्या ओढून घेत असल्यासारख्या. वहिनींना घड खुडायला जमेना. देठ सापडायचा नाही, सापडला तर कात्री तिरकी पडायची. भाऊजींचे हात मात्र न सांगता चालत होते. डावा तळवा घडाखाली, उजव्या हाताने कात्रीचा एक हलका चाप, घड पाटीत. ते वहिनींच्या कितीतरी पुढे निघून गेले. त्यांची पांढरी टोपी पानांतून दिसायची, नाहीशी व्हायची, पुन्हा दिसायची, आणि वहिनींना वाटलं, असंच तिकडे चालत गेले तर ते चोवीस वर्षांचे होऊनच त्या टोकाला निघतील. त्यांना हाक मारू नये असं वाटलं.

दुपारी सगळी ओढ्याकाठी भाकरतुकडा खायला बसली. वहिनींनी दोन द्राक्षं भाऊजींच्या हातावर ठेवली. त्यांनी ती चावली, हुंगली, मान हलवली. "गोड आहेत, एवढंच." ते शांत होते, त्यांनी काही अपेक्षा ठेवलेली दिसत नव्हती. त्यांनी पाठ वेलीच्या खांबाला टेकवली आणि टोपी डोळ्यांवर ओढली.

तेवढ्यात ओढ्यातून मळ्यावरचं कुत्रं बाहेर आलं. मोठं, तपकिरी, झुबकेदार केसांचं, पोटापर्यंत चिखलात बरबटलेलं. आल्या आल्या ते भाऊजींच्या अगदी शेजारी उभं राहिलं आणि नाकापासून शेपटीपर्यंत सगळं अंग झटकलं. पाणी आणि चिखल चहूकडे उडाला. वहिनी ओरडल्या, पुतणीने कुत्र्याला शिवी घातली, कुणाच्या तरी हातातला पाव भिजला.

भाऊजी ताठ उठून बसले. टोपी खाली पडली. चष्म्याच्या काचांवर चिखलाचे ठिपके होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

"वहिनी," ते म्हणाले. "शी! काय घाण वास मारतोय हा!"

वहिनी जागच्या जागी उभ्या राहिल्या. भाऊजींनी दोन्ही हातांनी कुत्र्याचं डोकं धरलं, त्याच्या ओल्या मानेत तोंड खुपसलं आणि जोराने श्वास घेतला. पुन्हा घेतला. कुत्रं बिचारं समजूतदारपणे उभं राहिलं. "कुजका पाला," भाऊजी त्याच्या केसांतूनच बोलत होते, "शेवाळं... आणि काय हो हे, मासळी? हा कुठे लोळलाय कुठे?" तिसऱ्या श्वासाला ते थांबले. चौथ्याला चेहरा वर केला. "गेला," ते म्हणाले. "आत्ता होता. गेला."

वहिनी त्यांच्याजवळ बसल्या. कुत्र्याच्या अंगावरून ऊन वाफ काढत होतं, कुत्रं वाळायला लागलं होतं आणि त्याचा वासही विरत होता.

भाऊजींनी इकडेतिकडे पाहिलं. तोडणीच्या ढिगाजवळ वेलीची एक जाड फांदी पडली होती. ती त्यांनी उचलली, कुत्र्याच्या नाकासमोर दोनदा हलवली, आणि पासष्टीच्या माणसाला जमेल तेवढ्या ताकदीने ओढ्याच्या मधोमध भिरकावली.

कुत्रं पाण्यात झेपावलं. भाऊजी काठाशी जाऊन, गुडघ्यांवर हात ठेवून, त्याच्या परत येण्याची वाट बघत उभे राहिले.